बारा मिनिटं मागे

त्या सकाळी तनयाने ज्या माणसाला दुधाच्या रांगेत उभे केले, त्याच्याजवळ दूध नव्हते.

आश्विन लागला होता. पाऊस निघून गेला होता, पण जाताना आपली ओल मागे ठेवून गेला होता — दगडी कुंपणांवरच्या शेवाळात, पायवाटांच्या मातीत, पेडण्याच्या उतरणीवर पिवळ्या पडू लागलेल्या भाताच्या जडावलेल्या लोंब्यांत. त्याच उतरणीच्या पायथ्याशी दूध संस्थेचे संकलन केंद्र होते. वर कार्यालय, खाली दूध घेण्याचा हॉल, आणि हॉलच्या आतल्या अंगाला दूध थंड ठेवणाऱ्या दोन मोठ्या टाक्या. तनया हरमलकर वरच्या कार्यालयात कारकून होती. चोपड्याहून बसने यायची, साडेनऊला खुर्चीत बसायची. नोकरीला पाच महिने झाले होते. सहावा संपला की संचालक मंडळ तिला कायम करणार होते... किंवा करणार नव्हते. खालच्या हॉलशी तिचा संबंध जिन्याएवढाच. पण त्या दिवशी दूध घेणाऱ्या खिडकीवरची बाई रजेवर होती, म्हणून तनयाला पहाटेच बोलावणे आले. आणि नेमके त्याच दिवशी यंत्राने डोळे मिटले.

पहिल्या टाकीचे थंड होणे थांबले होते. संगणकाचा पडदा काळा पडला होता. टाक्या सांभाळणारे जयरामकाका होते-नव्हते ते दूध दुसऱ्या टाकीत वळवत होते, आणि खिडकीपुढची माणसे कुरकुरत होती. इतक्यात एक तरुण हातात स्टीलचा चौकोनी डबा घेऊन थेट आत शिरू लागला.

"ओ! रांगेतून या," तनयाने मान वर न करता सांगितले.

तो थबकला. मागे वळला. रांगेत पुढे दोन माणसे होती, त्यांच्यामागे निमूट उभा राहिला. त्याची पाळी आली.

"कार्ड?"

"नाही."

"नाव?"

"गौरेश मयेकर. डिचोली."

"डिचोलीचं दूध इथं घेत नाहीत."

"दूध नाहीच आणलेलं. तुमचं यंत्र आजारी आहे, असा आमच्या कंपनीत फोन आला... त्याला बघायला आलोय."

तनयाने तेव्हा कुठे वर पाहिले. डब्यात दूध नव्हते, पाने-पकडी होत्या. काखेत हेल्मेट होते, आणि चेहऱ्यावर — इतक्या गोंधळातही — एक दाबून ठेवलेले हसू.

"मग रांगेत कशाला उभे राहिलात?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

तनयाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मागून कुणीतरी खुदकन हसले.

हॉलमध्ये मोबाइल नेता येत नसे, स्वच्छतेचा नियम. जयरामकाकांनी गौरेशचा फोन दाराजवळच्या खणात ठेवला, त्याला डोक्यावर टोपी दिली. पॅनेलपुढे उकिडवे बसण्याआधी तो म्हणाला, "मला एक माणूस हवा. काहीही न करणारा."

"तसली माणसां वयर ऑफिसात खूप आसत," जयरामकाका म्हणाले.

"म्हणजे लिहिणारा, काका. यंत्र बिघडलं की सगळेच धावतात, चार हात चार ठिकाणी लागतात... आणि संध्याकाळी कुणालाच आठवत नाही, काय केल्यानं काय झालं. म्हणून एकानं फक्त लिहायचं. वेळ, कुणी, काय केलं, काय दिसलं. मत नाही, अंदाज नाही."

वरच्या ऑफिसातले माणूस त्या घटकेला एकच होते. खिडकी दूध घालायला आलेल्या जयरामकाकांच्या पुतणीकडे सोपवून तनयाने लांबट वही उघडली आणि भिंतीवरच्या गोल घड्याळाकडे पाहिले.

"आणि चुकलं तर?"

"खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर लिहायचं, आणि सही."

"चूक वाचता कशाला यायला हवी?"

"झाकलेली चूक पुन्हा होते," तो म्हणाला, आणि स्क्रू फिरवू लागला.

ती लिहू लागली. तिचे अक्षर घोटीव होते; शाळेपासून फळ्यावरचा सुविचार तिच्याच वाट्याला यायचा. थोड्या वेळाने गौरेशने वही मागून घेतली, सही करण्यासाठी. वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या.

"'सात वाजून अडतीस मिनिटं. गौरेश मयेकर यांनी कपाळावरचा घाम डाव्या बाहीने पुसला.' ...हे काय?"

"दिसेल ते लिहा म्हणालात."

"यंत्राचं दिसेल ते!"

"घाम काय यंत्राशिवाय आला?"

त्याने काही क्षण विचार केला. "उजव्या," तो म्हणाला.

"काय?"

"बाही. उजवी होती. तुमच्याकडे तोंड होतं माझं."

तनयाने गंभीरपणे एक सरळ रेघ मारली, शेजारी 'उजव्या' असे लिहिले आणि सही केली. मग दोघांनीही एकाच वेळी मान खाली घातली. कारण हसण्याची ती वेळ नव्हती.

दूध घेण्याचे फाटक आठला बंद होई. भिंतीवरच्या घड्याळात आठला सात मिनिटे उरली असताना आठ-नऊ बायका किटल्या सावरत, धापा टाकत आत आल्या. जयरामकाकांनी त्यांचे दूध ओतून घेतले, आणि मग फाटक लावले. वहीत पुढे लिहिले गेले — आठ एकोणतीस, गौरेश मयेकर यांनी मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू केले. आठ पस्तीस, पहिल्या टाकीचा कॉम्प्रेसर सुरू झाला. यंत्राने घरघर केली तेव्हा गौरेशने पॅनेलवर हलकेच थाप मारून म्हटले, "देव बरें करूं."

"यंत्राचे आभार?" तनयाने विचारले.

"ऐकलं ना त्यानं."

मात्र आनंद पंधरा मिनिटेही टिकला नाही. जयरामकाकांनी सवयीने दुसऱ्या टाकीवर तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाय... ही गरम लागता."

पहिलीकडे सगळ्यांचे लक्ष असताना दुसरी केव्हातरी गुपचूप बंद पडली होती. सकाळचे सारे दूध तिच्यातच होते. अठराशे लिटर. पहिली टाकी पुरेशी थंड होईपर्यंत ते नासले, आणि दुपारी सोडून द्यावे लागले. नळ उघडताच एक शुभ्र ओघळ गटाराच्या काळ्या ओठांवरून वाहू लागला आणि कितीतरी वेळ वाहतच राहिला. पहाटे तीनला उठून कुणीकुणी पिळलेले, डोंगरावरून डोक्यावर आणलेले. गौरेशने टोपी काढली आणि ते संपेपर्यंत तसाच उभा राहिला. हे तनयाने लिहिले नाही. त्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

नवा सुटा भाग बाहेरून यायचा होता. तोवर यंत्रावर रोज नजर ठेवणे भाग होते. पुढचे आठ दिवस गौरेश डिचोलीहून मोटरसायकलने येत राहिला, आणि अध्यक्ष रघुनाथबाबांच्या हुकमाने तनया वही घेऊन समोर बसत राहिली. यंत्र बरे वागे तेव्हा लिहिण्यासारखे काही नसे. मग बोलणे होई. ते कुठे लिहिले जात नव्हते, म्हणूनच कदाचित इतके मोकळे होते.

त्याचे वडील खनिजाच्या ट्रकवर चालक होते. खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. "वर्षभर त्याच्या टपावर कोंबड्या अंडी घालायच्या," तो सांगत होता. "बाबा रोज सकाळी तो पुसायचे. चालवायचा नाही, फक्त पुसायचा. मग मी ठरवलं... बंद पडलेलं सुरू करायचं शिकायचं."

"आणि ट्रक?"

"तो नाही झाला सुरू. पण बाबा झाले. आता भाजीचा मळा करतात." असे म्हणून त्याने पाठीवरच्या पिशवीतून पिवळेधमक, हातभर लांब एक तवशे काढून तिच्या वहीवर ठेवले.

"हे काय?"

"काकडी."

"ते दिसतंय. माणसं फुलं देतात."

"फुलं चार तासांत मान टाकतात. हे आठवडाभर टिकतं."

तनया खळखळून हसली. आणि त्या हसण्याकडे तो असा पाहत राहिला की तिला नजर वहीत लपवावी लागली. चोपड्याला तिच्या आईने, कमलाक्षीने, त्या तवशाची तवसळी केली — गूळ घालून, पातेल्यावर निखारे ठेवून भाजलेला गोड केक. दुसऱ्या दिवशी डबा गौरेशच्या हाती देताना तनया म्हणाली, "आईनं विचारलंय, एवढं मोठं तवशं देणारा मुलगा आहे केवढा."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं... रांगेत उभं राहण्याइतका मोठा."

नवव्या दिवशी ती हलकी हवा एकाएकी जड झाली.

यंत्राच्या पोटातही एक नोंद असते. कोणता भाग केव्हा बंद पडला, याची. गौरेशच्या कंपनीने ती छापून पाठवली. रघुनाथबाबांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ते कडक माणूस, पण कान देणारे. यंत्र सांगत होते, दुसरी टाकी आठ अडतीसला थांबली. तनयाची वही सांगत होती, मुख्य बटण गौरेशने आठ एकोणतीसला बंद-चालू केले.

"म्हंजे आदी तू हात लायलो, आनी नऊ मिनिटांनी टाकी मेली." रघुनाथबाबांनी चष्म्यावरून पाहिले. "ही सही तुझीच?"

"माझीच."

"काय सांगशील?"

गौरेशने वहीकडे पाहिले. मग क्षणभर, अगदी क्षणभर, तनयाकडे. "कागद तसं सांगतो खरं," तो म्हणाला.

शुक्रवारी मंडळाची बैठक ठरली. दोष त्याचा ठरला तर कंपनी त्याला कामावरून काढील, हे सगळ्यांना ठाऊक होते. तनयाला एकच दिसत होते — तो दोष ज्या ओळीत होता, ती ओळ तिच्या घोटीव अक्षरात होती. त्याने तिला शिकवले होते तसे तिने लिहिले: मत नाही, अंदाज नाही. आणि तरीही तो असा गप्प का?

त्या संध्याकाळी पेडण्याच्या बसथांब्यावर विमला भेटली. त्या धापा टाकत येणाऱ्या बायकांतली एक. रिकामी किटली मांडीवर घेऊन बसली होती.

"विमलाताई, रोज एवढं धावत येता. आधीची बस नाही?"

"खंयची आधीची? आमच्या वाडीतली पयली बसच आठ वाजून पाच मिनिटांनी हंय पावता."

"आठ पाचला? पण तुम्ही तर आठच्या आत..."

विमला हसली, तोंडावर पदर धरून, गुपित सांगताना हसतात तशी. "अगो, जयरामदादान घड्याळ मागें सारलां. बारा मिनिटां. सा वर्सां झाली. फाटक आठाक बंद, नेम म्हंजे नेम! पण आठ केन्ना वाजतले, तां घड्याळ सांगतलां, न्हंय? देवमाणूस तो. तेच्यामुळे आमच्या चुली पेटतत."

बस आली. विमला चढली. तनया मात्र थांब्यावर तशीच उभी राहिली. आठ एकोणतीस... आणि बारा. आठ एक्केचाळीस. टाकी आठ अडतीसलाच थांबली होती. गौरेशचा हात बटणाला लागण्याआधी तीन मिनिटे. ती आपणहून मेली होती. आणि तिने, जगातल्या सगळ्यात सुंदर अक्षरात, खोटे लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जयरामकाकांपुढे उभी राहिली तेव्हा ते टाकी धूत होते. तिने काही विचारण्याआधीच त्यांनी पाणी बंद केले.

"गौरेशबाबाक ठावक आसा," ते म्हणाले. "कागद इल्लो त्याच दिसा घड्याळाबद्दल इचारल्यान माका. मीया सगळां सांगलां. तर म्हणता कसो, काका, कोणाकच सांगू नका."

गौरेश मागच्या अंगणात फणसाखाली मोटरसायकल पुसत होता. तनया त्याच्यासमोर जाऊन थांबली. तिने वही छातीशी घट्ट धरली होती.

"तुम्हाला माहीत होतं."

त्याने फडके खाली ठेवले. नाही म्हटले नाही.

"माझ्यावर दया केलीत?"

"दया कसली... तुमची नोकरी पंधरा दिवसांनी पक्की व्हायची. वही चुकीची ठरली, तर होईल? जयरामकाकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. आणि त्या बायका—"

"आणि तुम्ही?"

"मला दुसरी कंपनी मिळेल."

"असा शिक्का घेऊन? अठराशे लिटर दूध नासवणारा म्हणून?"

त्याने हातावरची धूळ पुसली. मग हळूच म्हणाला, "चूक मुळात माझीच आहे, तनया. नोंद सुरू करताना पहिली ओळ असते — वेळ कोणत्या घड्याळाची. ते घड्याळ यंत्राशी पडताळून घ्यायचं. चार वर्षांत एकदाही विसरलो नव्हतो."

"मग त्याच दिवशी कसे विसरलात?"

फणसाचे एक पान गिरक्या घेत सीटवर पडले. त्याने ते उचलले, उगीचच उलटसुलट पाहिले.

"त्या दिवशी खिडकीतल्या एका मुलीनं मला रांगेत उभं केलं होतं," तो म्हणाला. "नंतर बराच वेळ... मी जरा भानावर नव्हतो."

तनयाला रागवायचे होते. राग ओठांपर्यंत आलाही होता. पण तिथे पोहोचेतो त्याचे काहीतरी दुसरेच झाले होते. पाणी आले डोळ्यांत. कुणी आपल्यासाठी इतके गप्प राहिले नव्हते आजवर.

"तुमचे आभार मानते," ती म्हणाली. "मनापासून. पण हे मी घेणार नाही."

"तनया, ऐका—"

"झाकलेली चूक पुन्हा होते. कुणीतरी शिकवलंय मला."

ती तशीच हॉलमध्ये परतली. "काका, मी तुमचं नाव घेणार नाही. पण घड्याळ दाखवणार."

जयरामकाकांनी त्या गोल घड्याळाकडे पाहिले. "नाव तू कशाक घेतलंय, बाय? खुर्चेर चडून काटे मीया फिरवलंय. मीच सांगान."

शुक्रवारी अकराला बैठक भरली. लांब टेबल, सात संचालक, चहाचे कप. दारापाशी गौरेश उभा, खांदे पाडून; दोष घ्यायलाच आल्यासारखा. रघुनाथबाबांनी कागद पुढे ओढताच तनया उठली.

"बोलण्याआधी सगळ्यांनी खाली हॉलमध्ये याल का? दोनच मिनिटं."

"कशाक?"

"वेळ बघायला."

संचालक कुरकुरले, पण रघुनाथबाब उठले तसे सगळेच उठले. जिना उतरून माणसे टाक्यांपुढे उभी राहिली. रघुनाथबाबांच्या मनगटावर अकरा वीस झाले होते. भिंतीवर अकरा आठ.

"त्या दिवशीची प्रत्येक वेळ मी या घड्याळात बघून लिहिली," तनया म्हणाली. "म्हणून माझी प्रत्येक वेळ बारा मिनिटं चुकली आहे. मुख्य बटण आठ एकोणतीसला नाही, आठ एक्केचाळीसला बंद-चालू झालं. त्याआधीच टाकी थांबली होती. गौरेशबाबांच्या हातानं काही झालेलं नाही. चूक नोंद ठेवणाऱ्याची आहे. माझी."

मग जयरामकाका पुढे आले. टोपी हातात, मान खाली. विमलाची वाडी, आठ पाचची बस, नऊ बायका — सगळे त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले. रघुनाथबाब ऐकत होते. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती.

"किती वर्सां?"

"सा."

"सा वर्सां तू संस्थेक फसयलंय."

"होय."

"तेंच्या दुधान केन्ना टाकी नासली?"

"एकदाय नाय. बरां दूध. घट."

रघुनाथबाबांनी बाकीच्यांकडे पाहिले. शेवटी ते खेकसले, "मगे बोलूक काय झाल्लां तुका? सा वर्सां! एक अर्ज दिल्लो जाल्यार?" मग आवाज जरा उतरला. "आजपासून फाटक सव्वाआठाक बंद. आनी तां घड्याळ आत्ताच्या आत्ता बरोबर कर. खुर्ची हाड."

जयरामकाका खुर्ची आणायला गेले. जाताना ते डोळे पुसत होते, आणि कोणत्या बाहीने, ते कुणी लिहून घेतले नाही.

गौरेशवरचा आळ गेला. दोन्ही टाक्यांमध्ये जाणारी एक जुनी तार आतून जळाली होती, एवढेच अहवालात लिहायचे ठरले. पण रघुनाथबाब जिना चढता चढता थांबले. "तनया, तुझी नोंद चुकली ती चुकली. पक्कां करूचां तीन महिने फुडें. मान्य?"

"मान्य," ती म्हणाली.

टेबलावर बसून तिने वही उघडली. एकेका वेळेवर एक सरळ रेघ, शेजारी नवी वेळ, आणि सही. सत्तावीस रेघा. हात दुखला, पण छातीवरचा दगड हलका होत गेला, रेघेगणिक.

ती खाली उतरली तेव्हा दुपारचे ऊन भातावर पसरले होते. फाटकाबाहेर गौरेश वाट पाहत होता.

"तीन महिने..." तो म्हणाला. "तुम्ही बोलला नसतात तर पंधरवड्यात कायम झाला असतात."

"झाले असते. आणि रोज त्या वहीसमोर बसले असते. तुमच्याबद्दलचं खोटं... माझ्या अक्षरात." ती थांबली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. "दुसऱ्या कुणाबद्दल असतं तरी मी दुरुस्त केलंच असतं, गौरेश. पण त्यासाठी माझी झोप उडाली नसती."

'गौरेशबाब'मधला मानाचा 'बाब' गळून पडला होता. दोघांनाही ते कळले.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याची धूळ बसली. मग तो म्हणाला, अगदी हळू, "इतकी वर्षं मी बंद पडलेली यंत्रं सुरू करत हिंडतोय. माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं... हे उपकार मी फेडू कसे?"

"फेडू नका."

"म्हणजे?"

"आई म्हणते, उपकार फेडून झाले की माणूस येणं-जाणं बंद करतो."

गौरेश तिच्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत विनोद नव्हता. भरून आलेले काहीतरी होते, काठोकाठ, न सांडता.

"मग मी तर जन्मभर..." वाक्य अर्ध्यावर अडकले.

"पुरं करा की."

"जन्मभर नाही फेडणार."

चोपड्याची बस वळणावर दिसली. हॉर्न वाजवत जवळ आली, थांबली. कंडक्टरने दार उघडून तनयाकडे पाहिले. तिने मान हलवली, नाही म्हणून. बस गेली.

"आईला सांगायचंय आज काय झालं ते," ती म्हणाली. "मी एकटीनं सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही. चला, घरी."

"आत्ता? या गाडीवरून?" त्याने कावराबावरा होऊन वर पाहिले. "तनया... वर गॅलरीत सगळं संचालक मंडळ उभं आहे."

"बघू देत," तनया म्हणाली. आणि भर दुपारी, सातजणांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या मागे बसून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.